दुकानातला टीव्ही : तार बरी की बिनतारी?

कापडाच्या धंद्यात जुनी रीत अशी की, गिऱ्हाईक बैठकीवर आले की दुकानदाराने कमी बोलावे आणि मालाला बोलू द्यावे. थान उलगडले, पदर मोकळा केला, काठ हातात दिला, की निम्मा सौदा झाला. ही रीत आजही खरी आहे. फरक एवढाच पडला आहे की, आजचे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी मोबाईलवर शंभर साड्या पाहून आलेले असते. ते मोबाईल पुढे करते आणि विचारते, "हे आहे का?" नसेल तर ते उठते. पुढचा रस्ता त्याला माहीत असतो.

आमचे सौंदड हे सडक अर्जुनी तालुक्यातले गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग गावाजवळून जातो (पूर्वी तो ६ क्रमांकाचा होता, आता ५३ क्रमांकाचा आहे) आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर आमचे स्टेशन आहे. रस्ता आणि रेल्वे ही व्यापाऱ्याला बरकत असते, तशी कसोटीही असते. ज्या रस्त्याने नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतून माल आमच्याकडे येतो, त्याच रस्त्याने आमचे गिऱ्हाईक साकोलीला, गोंदियाला आणि थेट नागपूरला जाते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचा हंगाम सुरू होतो, धान घरात आलेले असते, लग्ने ठरू लागतात. वर्षाची निम्मी कमाई या काही आठवड्यांत ठरते. त्या वेळी दुकानात माल कमी दिसला तर वर्ष फुकट जाते. आणि माल भरपूर भरला व उरला, तर भांडवल कपाटात अडकून पडते.

म्हणूनच अलीकडे लहान दुकानदारांनी एक तजवीज काढली आहे. सुरत किंवा नागपूरचा घाऊक व्यापारी नव्या मालाचे व्हिडिओ पाठवतो. ते दुकानातल्या संगणकावर उतरवायचे आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर दाखवायचे. पन्नास साड्या कपाटात, पाचशे पडद्यावर. गिऱ्हाईकाला पसंत पडली की मागवून द्यायची. आमच्या मते ही तजवीज दुरुस्त आहे. थोड्या भांडवलाच्या माणसाला मोठ्या दुकानाच्या बरोबरीने बसवणारी अशी दुसरी सोय आम्हाला दिसत नाही. शिंप्याला गळ्यांचे नमुने, सुताराला दारांचे, जरीकाम करणाऱ्याला बुट्ट्यांचे नमुने अशाच प्रकारे दाखवता येतात.

प्रश्न येतो तो पुढे. संगणकातले चित्र टीव्हीवर न्यायचे कसे? बाजारात त्यासाठी तार आहे, पेनड्राइव्ह आहे, बिनतारी काड्या आहेत, डबे आहेत आणि "सगळे आतच आहे" असे सांगणारे नवे टीव्हीही आहेत. विकणारा प्रत्येक वस्तूची तारीफ करतो. आम्ही कापडवाले, सुताचा नंबर पाहून भाव करतो. तसेच येथेही वस्तूचा नंबर पाहूनच पैसा मोजला पाहिजे. आमचे मत आधीच सांगून टाकतो : दुकानासाठी पहिली पसंती तारेला द्यावी, बिनतारी उपकरण सोयीपुरते ठेवावे, आणि पडद्यावरच्या रंगावर सौदा कधीही पक्का करू नये. याची कारणे आता पाहू.

चित्राचे वजन किती?

ज्याला "हाय डेफिनिशन" म्हणतात, त्याचे पूर्ण माप १९२० आडवे आणि १०८० उभे ठिपके असे असते. म्हणजे एका चित्रात वीस लाखांहून थोडे अधिक ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट लागतात, आणि संगणक टीव्हीला सेकंदाला साधारण ६० चित्रे देतो. हा गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट होतात. हे चित्राचे खरे, न दाबलेले वजन.

एचडीएमआय नावाची तार हे वजन जसेच्या तसे उचलते. या तारेचा पहिला नियम डिसेंबर २००२ मध्ये ठरला, आणि त्यातही जवळपास ५०० कोटी बिटांची सोय होती. बिनतारी रस्ता एवढा रुंद नाही. दुकानातल्या साध्या वाय-फायवरून प्रत्यक्षात काही कोटी बिट सुरळीत गेले तरी पुष्कळ. म्हणून बिनतारी उपकरण चित्राला आधी दाबते, गठ्ठा बांधते, मग पाठवते, आणि टीव्हीकडे तो गठ्ठा पुन्हा सोडला जातो. रेल्वेने गाठ पाठवताना कापड दाबून बांधावे तसेच हे. गाठ सोडल्यावर कापडाला घडी पडलेली असते, चित्रालाही पडते.

सिनेमा पाहताना ही घडी डोळ्यांत येत नाही. पण आम्हाला सिनेमा दाखवायचा नाही, कापड दाखवायचे आहे. चित्र दाबण्याची जी रीत सर्वत्र चालते तिच्यात उजेड-अंधाराचे बारकावे पूर्ण ठेवतात आणि रंगाचे बारकावे उभे-आडवे दोन्हीकडे निम्मे करतात. माणसाचा डोळा रंगापेक्षा उजेडाचा फरक लवकर ओळखतो, हे त्यामागचे कारण. पण हिरव्या अंगावर लाल काठ असलेली साडी अशा मार्गाने दाखवा. जेथे हिरवा संपून लाल सुरू होतो ती रेघ किंचित पसरट, मळकट दिसते. बारीक बुट्टी आणि बारीक चौकडी यांचेही तेच. व्हिडिओ बनतानाच तो एकदा दाबलेला असतो. मोबाईलवरून पाठवताना दुसऱ्यांदा दाबला जातो. बिनतारी मार्गाने टीव्हीवर नेताना बहुधा तिसऱ्यांदा. तीन वेळा धुतलेले कापड नवे म्हणून दाखवण्यासारखाच हा मामला होतो.

येथे एक साधी युक्ती लक्षात ठेवावी. घाऊक व्यापाऱ्याला सांगावे की, व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या व्हिडिओसारखा न पाठवता "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. त्यामुळे मूळ फाइल न दाबता येते. २०२२ पासून अशा रीतीने २ जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते. माल तोच, पण पडद्यावर सुताचा पोत अधिक चांगला कळतो.

चार रस्ते

पहिला रस्ता पेनड्राइव्हचा. ज्याला दिवसभर तेच पंधरा-वीस व्हिडिओ फिरत ठेवायचे आहेत, त्याने संगणकाची तार, काडी, वाय-फाय यांपैकी कशाच्याही फंदात पडू नये. फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावाव्यात. यात दोन अडचणी येतात. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. आणि नवे मोबाईल पुष्कळदा एच-२६५ या प्रकारात चित्रण करतात, ते जुन्या टीव्हीला वाचता येत नाही. आवाज येतो, पडदा काळा राहतो, नाहीतर "फाइल चालत नाही" अशी पाटी येते. तीच फाइल एच-२६४ प्रकारात बदलून घेतली की काम होते. व्हीएलसी नावाच्या मोफत प्रोग्राममध्येही हे करता येते.

दुसरा रस्ता एचडीएमआय तारेचा. संगणकात एक टोक, टीव्हीत दुसरे. चित्र आणि आवाज एकाच तारेतून. वाय-फाय नको, इंटरनेट नको, खाते उघडणे नको, पासवर्ड नको. तार काही शे रुपयांत मिळते. येथे दुकानदार महागडी, सोन्याचा मुलामा दिलेली तार पुढे करतो आणि रंग अधिक गडद दिसतील असे सांगतो. हे मानू नये. ही तार आकडे वाहते. आकडा पोहोचतो किंवा पोहोचत नाही. तार खराब असेल तर पडद्यावर चमकते ठिपके दिसतील किंवा चित्र मध्येच जाईल. पण महाग तारेने लाल अधिक लाल होत नाही. आमच्या कामाला "हाय स्पीड" असे लिहिलेली साधी तार पुरे आहे. अंतर मात्र मोजून घ्यावे. आठ-दहा मीटरपलीकडे साधी तांब्याची तार दगा देऊ शकते; तेथे काचतंतूची किंवा मध्ये ताकद देणारी तार घ्यावी लागते.

ज्यांचा संगणक जुना आहे आणि त्याला फक्त व्हीजीए हे निळे तोंड आहे (ही पद्धत १९८७ ची), त्यांनी नुसती जोडतार घेऊन चालत नाही. मध्ये रूपांतर करणारी डबी लागते, आणि व्हीजीएतून आवाज जात नसल्याने त्याची वेगळी सोय करावी लागते. उलट अगदी नव्या लॅपटॉपला कधी फक्त यूएसबी-सी हे लहान तोंड असते. त्यातून चित्र निघतेच असे नाही; काही लॅपटॉपमध्ये ते फक्त चार्जिंग आणि फाइलींसाठी असते. म्हणून जोडणी घेण्याआधी लॅपटॉप दुकानात नेऊन चालवून पाहावे.

तिसरा रस्ता बिनतारी काडीचा किंवा डबीचा. यातही दोन जाती आहेत आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. एका जातीत संगणकाचा पूर्ण पडदाच हवेतून टीव्हीवर उमटतो. मिराकास्ट नावाची पद्धत ही अशी आहे. ती २०१२ मध्ये आली आणि विंडोज ८.१ पासून विंडोजमध्ये तिची सोय आहे. विंडोजचे बटण आणि के हे बटण एकत्र दाबले की आजूबाजूचे टीव्ही दिसू लागतात. हिला राउटर किंवा इंटरनेट लागत नाही, संगणक आणि टीव्ही थेट बोलतात. मात्र चित्र क्षणभर मागे राहते आणि मध्येच अडखळते.

दुसऱ्या जातीत पडदा जात नाही, फक्त फाइल जाते. गुगलच्या क्रोमकास्टने ही रीत घरोघरी नेली. संगणक किंवा मोबाईल नुसता हुकूम देतो. चित्र चालवण्याचे काम टीव्हीतले उपकरण करते. यात चित्र अधिक सुरळीत चालते. पण संगणक आणि उपकरण एकाच वाय-फायवर असावे लागतात, आणि पहिल्यांदा उपकरण सुरू करताना इंटरनेट लागतेच. व्हीएलसीच्या २०१८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून संगणकातली फाइल अशा उपकरणाकडे पाठवता येते. कोणत्या काडीत कोणती जात चालते याचा काही नेम नाही. क्रोमकास्टला मिराकास्ट येत नाही. इतर कंपन्यांच्या काही काड्यांत ते असते, काहींत नसते. खोक्यावर "स्क्रीन मिररिंग" असे लिहिले आहे एवढ्यावर विश्वासू नये. आपल्याच संगणकावरून दुकानात चालवून दाखवा, असा आग्रह धरावा.

चौथा रस्ता नव्या टीव्हीचा, ज्यात हे सगळे आतच बसवलेले असते. टीव्ही घ्यायचाच असेल तर असा घ्यायला हरकत नाही. पण चांगला चालणारा टीव्ही केवळ यासाठी बदलू नये.

इंटरनेट आणि वाय-फाय एक नव्हे

आमच्या बाजारपेठेत एक समज घट्ट आहे की, बिनतारी चित्र दाखवले की मोबाईलचा डेटा संपतो. फाइल आधीच संगणकात असेल तर ती संगणकातून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे जाते. ही गावातल्या गावातली वाहतूक आहे, महामार्गावर गाडी जातच नाही. डेटा तेव्हाच खर्च होतो जेव्हा व्हिडिओ बाहेरून येत असतो.

अडखळण्याचे खरे कारण बहुधा दुसरे असते. वाय-फायचे दोन मुख्य पट्टे आहेत, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला लांब जातो, भिंती ओलांडतो, पण गर्दीचा आहे. शेजारच्या चार दुकानांचे राउटर, ब्लूटूथ, सगळे त्याच वाटेने चालतात. दुसरा रुंद आणि मोकळा, पण त्याला भिंत सोसत नाही. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर ५ चा पट्टा वापरावा. शिवाय काडी टीव्हीच्या पाठीमागे, भिंत आणि पत्र्याच्या मध्ये दडलेली असते. तिच्याबरोबर येणारी वीतभर जोडतार पुष्कळजण खोक्यातच ठेवतात. ती लावून काडी जरा बाहेर काढली तरी फरक पडतो.

विजेचाही विचार हवा. काडीला वेगळा चार्जर लागतो. टीव्हीच्या यूएसबी खाचेतून तिला वीज दिली तर काही टीव्हींत ती अपुरी पडते आणि काडी पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होते. वीज गेली आणि परत आली की राउटर, काडी, टीव्ही या तिघांना उठून एकमेकांना ओळखावे लागते. भर गर्दीत गिऱ्हाईक तेवढा वेळ थांबत नाही. तार लावलेला संगणक आणि टीव्ही एका इन्व्हर्टरवर असतील तर हा प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्याच्या किल्लीचे कुलूप

तारेच्या बाजूने आमचे सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे. क्रोमकास्ट २०१३ मध्ये आली आणि जगभर दहा कोटींहून अधिक विकली गेली. पहिल्या पिढीचा आधार कंपनीने २०२३ मध्ये थांबवला. ऑगस्ट २०२४ मध्ये क्रोमकास्टचे उत्पादनच बंद करण्याचे जाहीर झाले. आणि मार्च २०२५ मध्ये असे झाले की, दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे २०१५ साली आलेल्या क्रोमकास्ट जगभर एकाएकी काम करेनाशा झाल्या. उपकरणे बिघडली नव्हती. आत बसवलेल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती, एवढेच. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. पण हेच दिवस मंडईचे किंवा लग्नसराईचे असते तर? दुकानदाराच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते.

त्याआधी इंटेल कंपनीची वायडाय नावाची बिनतारी पद्धत होती. २०१० मध्ये ती गाजावाजाने आली, तिच्यासाठी टीव्हीला लावायच्या खास डब्या विकल्या गेल्या, आणि २०१६ मध्ये कंपनीने ती गुंडाळली. यात कोणाची बदनामी करण्याचा आमचा हेतू नाही. नवी वस्तू आली की जुनी मागे पडते, हा व्यापाराचा नियमच आहे. पण ज्या वस्तूला चालण्यासाठी दूरच्या कंपनीची परवानगी लागते, तिची किल्ली आपल्या हाती नसते. एचडीएमआयचे तोंड २००० च्या दशकातल्या टीव्हीला जसे आहे तसेच आजच्या टीव्हीलाही आहे, आणि साध्या तारेला कोणाची परवानगी लागत नाही. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास "मालेगाव के शोले" बनवला तो साध्या व्हिडिओ साधनांवर. हातातले साधन पुरते ओळखून त्यातून काम काढणे हा कारागिराचा जुना हुनर आहे, आणि आमच्या धंद्यालाही तोच शोभतो.

पडदा रंग खोटा सांगतो

आता सर्वांत नाजूक बाब. रंग हा आमच्या धंद्याचा जीव आहे. राणी, मोरपंखी, आमसुली, अबोली यांतला फरक गिऱ्हाईक बाई लांबून ओळखते. पडदा ओळखत नाही. मोबाईलचा कॅमेरा दिव्याचा उजेड पाहून रंग आपल्या मनाने बदलतो. टीव्ही विकताना तो "व्हिव्हिड" किंवा "डायनॅमिक" अशा भडक बैठकीवर ठेवलेला असतो, म्हणजे शोरूममध्ये डोळ्यांत भरावा. आणि मोरपंखीसारखे काही गडद रंग साध्या पडद्याच्या आवाक्यातच नसतात. जरीची चमक उजेडाच्या कोनाबरोबर बदलते. सपाट पडद्यावर ती पिवळी रेघ होऊन बसते. बारीक चौकडीवर नसलेल्या लाटा उठताना दिसतात, त्या कापडात नसून पडद्याच्या आणि कॅमेऱ्याच्या ठिपक्यांत असतात.

यावर थोडा इलाज आहे. टीव्हीची बैठक "मूव्ही" किंवा "सिनेमा" यावर ठेवावी. रंग कमी भडक पण अधिक खरे दिसतात. संगणक लावलेल्या खाचेला टीव्हीच्या यादीतून "पीसी" असे नाव द्यावे. पुष्कळ टीव्हींत त्यामुळे रंगांच्या कडा स्वच्छ होतात. काही टीव्ही जुन्या सवयीने चित्र थोडे मोठे करून चारही बाजूंनी कापतात, त्यात साडीचा काठच कापला जातो. "स्क्रीन फिट" किंवा "जस्ट स्कॅन" अशी सोय शोधून ती चालू करावी.

हे सारे करूनही पडदा हा पडदाच. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, मागवून द्यायच्या मालाबाबत गिऱ्हाईकाला आधीच स्पष्ट सांगावे : रंगात थोडा फरक पडेल, कापड आल्यावर हातात घेऊन, दिवसाच्या उजेडात पाहा, आणि पसंत नसेल तर परत करा. जुने व्यापारी ट्यूबलाइटखाली पसंत पडलेले थान ओट्यावर नेऊन उन्हात दाखवत, ते उगाच नव्हे. परतीची अट घाऊक व्यापाऱ्याशीही आधीच ठरवून घ्यावी, नाहीतर दोन्हीकडचे नुकसान आपल्याच अंगावर येते. लग्नाच्या साडीचा रंग चुकला तर मुलीकडचे लोक ते वर्षानुवर्षे विसरत नाहीत, आणि सौंदडसारख्या गावात नाव एकदाच जाते.

आणखी एक जपणूक. संगणकाचा पूर्ण पडदा टीव्हीवर उमटतो तेव्हा त्यावरचे सगळेच उमटते. उधारीची यादी उघडी राहिली, तर कोणाकडे किती बाकी आहे हे साऱ्या बैठकीला कळेल. उधारी ही अमानत आहे. विंडोज आणि पी ही बटणे दाबून "एक्स्टेंड" निवडावे. म्हणजे हिशोब आपल्या लहान पडद्यावर आणि साड्या मोठ्या पडद्यावर असे दोन वेगळे राहतात. ज्यांच्याकडे जुना संगणक पडून आहे त्यांनी तो फक्त व्हिडिओसाठी ठेवावा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, पण इंटरनेट न जोडता तारेने साड्या दाखवायला तो अजून धडधाकट आहे.

घेताना काय पाहावे

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला दुकानाच्या कामासाठी घेतलेल्या टीव्ही, संगणक, काडी यांवरील कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असणाऱ्याला मिळत नाही. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, हे भाव करताना लक्षात असू द्यावे. टीव्हीवर आणि चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण व "आर" ने सुरू होणारा क्रमांक आहे का, ते पाहावे. बिननावाचा स्वस्त चार्जर आगीला आमंत्रण असतो, आणि कापडाच्या दुकानात आग म्हणजे काय हे सांगायला नको.

वस्तू खराब निघाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे. व्यापारी उपयोगासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा सहसा लागू नाही. पण केवळ स्वतःच्या रोजीसाठी, स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला तो वगळत नाही. लहान दुकानदार आणि कारागीर यांनी हे ध्यानात ठेवावे. १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

तसेच, व्हिडिओबरोबर सिनेमाची गाणी लावण्याचा मोह आवरावा. दुकानात लोकांसमोर गाणी वाजवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कदारांची परवानगी लागते. घरासाठी घेतलेली वर्गणी दुकानात चालत नाही. आपल्या मालाचा व्हिडिओ आवाज बंद ठेवून दाखवला तरी साडी कमी विकली जात नाही.

निष्कर्ष

वस्तू निवडण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे. मला काय दाखवायचे आहे? ठरलेले व्हिडिओ फिरते ठेवायचे असतील तर पेनड्राइव्ह पुरे. गिऱ्हाईकाच्या मागणीप्रमाणे एकेक साडी काढून दाखवायची असेल, आणि टीव्ही संगणकापासून दहा मीटरच्या आत असेल, तर तार. मध्ये रस्ता, भिंत किंवा भाड्याची जागा असल्याने तार नेताच येत नसेल, किंवा गिऱ्हाईकाच्या मोबाईलमधले चित्र मोठे करून पाहायचे असेल, तर काडी. काडी घेतली तरी एक तार दुकानात असू द्यावी. ती पडून राहिली तर काही शे रुपये गेले. हंगामात काडी बंद पडली तर हंगाम जातो.

आमच्या तरुण मुलांना या गोष्टींची समज आमच्यापेक्षा लवकर येते. त्यांच्या हाती हे काम सोपवावे, पण पैशाचा हिशोब आणि गिऱ्हाईकाला द्यायचा शब्द आपल्या हाती ठेवावा. नागपूरच्या मोठ्या दुकानाकडे जागा आहे, माल आहे, नोकर आहेत. आमच्याकडे ओळख आहे आणि शब्द आहे. पडद्याने माल वाढून दिसतो, त्याचा फायदा जरूर घ्यावा. मात्र जे पडद्यावर दाखवले तेच हातात दिले पाहिजे, आणि जे तसे देता येणार नाही ते दाखवण्याआधीच सांगितले पाहिजे. एवढे सांभाळले तर पुढच्या मंडईला मोबाईल पुढे करून "हे आहे का?" असे विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला "बसा, दाखवतो" असे म्हणता येईल.